सहा ठिपक्यांचा भुंगेरा

कन्नडजवळच्या गौताळा-औट्रमघाट अभयारण्याला १९८६ मध्ये अभयारण्याचा दर्जा मिळाला. सुमारे २६० चौरस किलोमीटरचे हे पानझडी जंगल छत्रपती संभाजीनगर आणि जळगाव अशा दोन जिल्ह्यांत पसरले आहे. पर्यटक येतात ते पितळखोऱ्याची लेणी आणि पावसाळ्यातले धबधबे पाहायला. पालापाचोळा उकरून खालचे शिकारी बघायला सहसा कुणी वाकत नाही.

हे शिकारी म्हणजे भूचर भुंगेरे. भुंगेरा म्हटला की शेतकऱ्याच्या डोळ्यांपुढे हुमणी येते. पण मुळे कुरतडणाऱ्या हुमणीशी यांचे काही देणेघेणे नाही. यांतले बहुतेक मांसाहारी. रात्री फिरून अळ्या आणि लहानसहान कीटक फस्त करतात. जगभरात यांच्या सुमारे ४०,००० जातींना नावे मिळाली आहेत.

भारतातल्या कोरड्या माळांवर आणि झुडपी रानांत आढळणारा सर्वांत देखणा भुंगेरा म्हणजे अँथिया सेक्सगटाटा. चार सेंटिमीटरच्या आसपास लांबी, काळेभोर अंग आणि त्यावर सहा पांढुरके ठिपके: दोन छातीच्या ढालीवर, चार पाठीवर. याला उडता येत नाही, पण पळतो मात्र सुसाट. डिवचले तर मागच्या टोकातून फॉर्मिक आम्लाची पिचकारी मारतो. मुंग्यांच्या अंगातले आम्ल ते हेच. एकदा चटका बसलेला पक्षी किंवा सरडा हे ठिपके सहजी विसरत नसावा, कारण दक्षिण भारतातल्या थेरिया नावाच्या झुरळाने तसेच ठिपके पाठीवर मिरवून आपला बचाव साधला आहे, असे अभ्यासक मानतात. गंमत अशी, की १७५८ मध्ये खुद्द वर्गीकरणशास्त्रज्ञ लिनिअसने या झुरळाचे नामकरण केले ते भुंगेऱ्यांच्या गटात घालून!

सहा ठिपक्यांच्या या भुंगेऱ्याचे नामकरण लिनिअसचा शिष्य फॅब्रिसिअस याने १७७५ मध्ये केले. त्या काळी लॅटिनमधल्या दोन-चार ओळी पुरत. आज तेवढ्यावर कुणी उभे करणार नाही.

आता नव्या जातीचे काम जमिनीत पुरलेल्या पेल्यापासून सुरू होते. काठ मातीशी समतल ठेवायचा, म्हणजे रात्री धावणारा भुंगेरा आत घसरतो. अभयारण्यात अर्थातच आधी वनखात्याची परवानगी लागते. नंतर टाचणी टोचायची ती उजव्या पंखकवचातून. सगळे जग तिथेच टोचते. सूक्ष्मदर्शकाखाली डोळ्यावरचे ताठ केस मोजायचे, पंखकवचावरच्या बारीक रेघा पाहायच्या. पुढच्या पायाच्या नडगीवर एक खाच असते, तिला केसांची किनार. तिच्यातून भुंगेरा आपली शृंगिका ओढून स्वच्छ करतो. ही खाच दिसली की ओळखीचा मोठा टप्पा पार पडतो. शेवटी नराचे जननांग बाहेर काढतात, कारण बाहेरून जुळे वाटणाऱ्या दोन जाती बऱ्याचदा तिथेच वेगळ्या पडतात.

खरी दमछाक पुढे आहे. हा नमुना ‘नवा’ ठरवायचा तर जुने सगळे धुंडाळावे लागतात. एच. ई. अँड्र्यूज यांनी भारतातल्या भूचर भुंगेऱ्यांवर लिहिलेले खंड १९२९ आणि १९३५ मध्ये निघाले. त्यांनी वर्णन केलेल्या कित्येक जातींचे मूळ नमुने लंडनच्या निसर्गेतिहास संग्रहालयात आहेत. त्यामुळे गौताळ्यातल्या एखाद्या भुंगेऱ्याचा निकाल लागायला लंडनचा एखादा खण उघडावा लागतो, ही मला या शास्त्रातली सर्वांत विचित्र गोष्ट वाटते.

फरक पक्का झाला की एकच नमुना निवडतात. नाव कायमचे त्या एकाला बांधलेले असते. बाकीचे सगळे साक्षीदार. २००२ च्या जैविक विविधता कायद्याच्या कलम ३९ नुसार नव्या जातीची माहिती सरकारमान्य संग्रहाला कळवून नमुना तिथे जमा करावा लागतो. कोलकात्याची भारतीय प्राणी सर्वेक्षण ही १९१६ ची संस्था असाच एक संग्रह सांभाळते; तिचे पश्चिम विभागीय केंद्र पुण्यात आहे.

एवढे करूनही तीच जात आधी कुणी नोंदवलेली निघाली, तर जुनेच नाव चालते आणि नवे बाद होते. गट मात्र बदलू शकतो. फॅब्रिसिअसने हा भुंगेरा कॅराबस या गटात टाकला होता. अँथिया हा गट वेबरने १८०१ मध्ये वेगळा काढला. म्हणूनच शास्त्रीय नावापुढे आज फॅब्रिसिअस आणि १७७५ हे दोन्ही कंसात छापतात. कंस नसता, तर त्याने दिलेला मूळ गट अजून कायम आहे असा अर्थ झाला असता.