कोहिमा : जपानी आगेकूच येथे थांबली

ब्रह्मदेश जिंकलेल्या जपानी फौजा मार्च १९४४ मध्ये सेनापती मुतागुची यांच्या नेतृत्वाखाली इम्फाळवर चालून आल्या. दिमापूरहून इम्फाळला येणारी रसद तोडण्यासाठी त्यांना कोहिमा हवे होते. वाटेत सांगशाक येथे मराठा पलटणीचा समावेश असलेल्या छत्रीदल ब्रिगेडने त्यांना काही दिवस थोपवले. त्यामुळे कोहिमाच्या बचावाला अवधी मिळाला. तेथे सुमारे दीड हजार लढवय्यांनी कित्येक पटींनी मोठ्या जपानी डिव्हिजनशी दोन आठवडे झुंज दिली. स्लिम यांच्या चौदाव्या सेनेला विमानांतून रसद मिळत राहिली. जपानी सैन्य मात्र उपासमारीने खचले. अखेर सेनानी सातो यांनी हुकूम मोडून माघार घेतली आणि २२ जूनला इम्फाळचा रस्ता खुला झाला. या मोहिमेत आझाद हिंद सेना जपानच्या बाजूने होती. भारतीय रक्त दोन्हीकडे सांडले.