पाऊल टेकतं तेव्हा

नडगीवरचा पट्टा बांधायला सर्वांत जास्त वेळ लागतो. सेन्सर पोटरीच्या मांसल भागावर आला, तर दर पावलाला हलणारी कातडीही मोजली जाते. म्हणून तो नडगीच्या सपाट हाडालगत घट्ट बसवतात. बाकीचे मांडीवर, कमरेवर आणि बुटांवर. १८९१ साली लाइपझिगमध्ये ब्राउने आणि फिशर यांनी चाल टिपण्यासाठी माणसाच्या अंगावर विजेच्या नळ्या बांधल्या होत्या. त्या तयारीतच कित्येक तास जात. इथे, चाल तपासण्याच्या खोलीत, काडेपेटीएवढ्या डब्यांतले हे सेन्सर सेकंदाला शंभरदा नोंद करतात.

"काका, आधी जरा स्तब्ध उभे राहा. आता नेहमीसारखे चाला," फिजिओथेरपिस्ट सांगते. काकांची उजवी बाजू पक्षाघाताने अधू झाली आहे.

पडद्यावर नडगीच्या फिरण्याच्या वेगाची रेघ उमटते. पाय हवेतून पुढे येताना उंचवटा आणि त्याच्या दोन्ही अंगांना खळगे: आधीचा चवडा उचलल्याचा, नंतरचा टाच टेकल्याचा. निरोगी चालीत पाऊल साधारण ६० टक्के वेळ जमिनीवर असतं आणि हवेत असताना गुडघा ६० अंशांच्या आसपास वाकतो. काकांचा उजवा गुडघा जेमतेम वाकतो. चवडा अडकू नये म्हणून ते पाय बाहेरून वळवून आणतात, आणि डाव्या पायावर जास्त वेळ रेंगाळतात.

खरी मेख हिशेबात आहे. सेन्सर अंतर मोजत नाही; फिरण्याच्या वेगाखेरीज तो त्वरण मोजतो. त्वरणावरून अंतर काढायला दोनदा बेरीज करावी लागते आणि बारीकशी चूकही त्यात साचत जाते. थोड्याच वेळात माणूस भिंतीपलीकडे पोचल्याचं दिसू लागतं. उपाय सुंदर आहे. पाऊल जमिनीवर पूर्ण टेकलं की क्षणभर त्याचा वेग शून्य असतो. तो क्षण ओळखायचा, साचलेली चूक तिथेच पुसायची आणि पुढच्या पावलाचा हिशेब नव्याने मांडायचा.

पण काकांचं उजवं पाऊल टेकल्यावरही किंचित घसटतं. पाऊल स्थिर मानण्यासाठी निरोगी माणसांवर ठरवलेली वेगाची मर्यादा लावली की संगणकाच्या हातून त्यांची काही पावलं सुटतात. ज्याला या मोजमापाची सर्वांत जास्त गरज, त्याच्याच चालीत ते चुकावं, हे मला फार खुपतं. म्हणून फिजिओथेरपिस्ट त्यांच्या चालीचं चलच्चित्र थांबवत थांबवत प्रत्येक पाऊल डोळ्यांनी पडताळते, मर्यादा काकांच्या चालीनुसार बदलते. मग घोट्याला स्प्लिंट चढवून त्यांना पुन्हा चालायला सांगते.