आभाळातून खाचरात

उरण तालुक्यातल्या करंजाच्या खाडीत ओहोटी लागली की गाळ उघडा पडतो. शिंपल्या आणि निवट्या शोधणारे हात त्यात कोपरापर्यंत जातात. वरचा थर तपकिरी आणि मऊ. वीतभर खाली गेले की काळा, गंधकाचा वास येणारा. जिथे गाळ उपसला गेलेला नाही तिथे आणखी खोलवर 1950 आणि 60 च्या दशकांतले थर दबलेले असतात, आणि जगभरच्या गाळांत असते तसे त्यांच्यात सीझियम-137 असते. अणूचे विखंडन झाले तरच हे द्रव्य बनते. ते आले नेवाडाच्या वाळवंटातून, आर्क्टिकमधल्या नोवाया झेम्ल्यातून, पॅसिफिकमधल्या प्रवाळ बेटांवरून आणि 1964 नंतर चीनच्या लोप नोरमधून.

1945 ते 1980 या काळात जगात पाचशेहून अधिक अणुस्फोट उघड्या वातावरणात केले गेले. मोठ्या स्फोटाचा ढग ढगांच्या पातळीच्याही वर जाई. तिथे पाऊस नसतो, त्यामुळे बारीक किरणोत्सारी धूळ वर्ष-दोन वर्षे पृथ्वीभोवती फिरत राही, हळूहळू खाली उतरे आणि पावसाबरोबर जमिनीवर येई. 1963 मध्ये ती सर्वाधिक पडली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अमेरिका, ब्रिटन आणि सोव्हिएत संघाने मॉस्कोत करार करून वातावरणातल्या चाचण्या थांबवल्या. चीनने मात्र शेवटची अशी चाचणी 16 ऑक्टोबर 1980 रोजी केली. ही धूळ उत्तर गोलार्धाच्या मधल्या पट्ट्यात अधिक पडली, कोकणाच्या वाट्याला कमी आली. सीझियमचे अर्धायुष्य तीस वर्षांचे, म्हणजे 1963 साली पडलेल्यातला जवळपास चौथा हिस्सा अजून जमिनीत आणि गाळात आहे. एवढ्याशा सीझियमने आज कुणी घाबरून जावे असे काही नाही. पण उरणचे खाचर आणि हजारो मैलांवरचा स्फोट यांच्यात रस्ता आहे, आणि तो कसा आहे हे शेतकऱ्याला ठाऊक असायला हवे.

मुंबई बंदराच्या गाळात आणखी एक भर आहे. घारापुरीच्या समोर ट्रॉम्बे. तिथली सायरस अणुभट्टी 1960 मध्ये सुरू झाली आणि 2010 च्या अखेरीस कायमची बंद झाली. वापरलेल्या इंधनातून प्लुटोनियम वेगळे करणारा प्रकल्प 1960 च्या दशकाच्या मध्यावर उभा राहिला. प्रक्रिया करून, मर्यादा ठरवून खाडीत सोडलेल्या पाण्यातले थोडे सीझियम गाळाला चिकटले. सोडण्याच्या जागेजवळ ते जास्त, दूर जावे तसे कमी. हे भाभा अणुसंशोधन केंद्राच्याच शास्त्रज्ञांनी मोजले आणि शोधनिबंधांत छापले. गाळात राहणाऱ्या, लाल रक्ताच्या शिंपलीच्या मांसात काय साठते याचाही त्यांनी अभ्यास केला. म्हणजे आकडे आहेत. ते इंग्रजी नियतकालिकांत आहेत. करंजा, मोरा, घारापुरीच्या घरांत ते पोचलेले नाहीत.

या विषयात मराठी माणसाचा सहभाग जुना आहे. 1 मार्च 1954 रोजी अमेरिकेने बिकिनी बेटावर हायड्रोजन बॉम्बची चाचणी केली आणि तिची पांढरी राख ‘लकी ड्रॅगन’ या जपानी मासेमारी बोटीवर पडली. बोटीवरचे तेवीसही मच्छीमार आजारी पडले, त्यातला एक सहा-सात महिन्यांत गेला. त्यानंतर महिन्याभरात नेहरूंनी चाचण्या थांबवण्याची जाहीर मागणी केली आणि पुढे अणुस्फोटांच्या परिणामांवर शास्त्रीय पुस्तक तयार करण्याचे काम भौतिकशास्त्रज्ञ दौलतसिंह कोठारी यांच्याकडे दिले. 1956 मध्ये निघालेल्या त्या पुस्तकाला होमी भाभा आणि मुंबईचे विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर यांचा हातभार होता. कर्करोगावर आयुष्य घालवलेले खानोलकर पुढे संयुक्त राष्ट्रांच्या किरणोत्सर्गविषयक शास्त्रीय समितीवर भारताचे प्रतिनिधी होते. सामान्य वाचकासाठी, सरकारी खर्चाने, घातक परिणाम न लपवता लिहिलेले असे पुस्तक त्या काळात अण्वस्त्रधारी देशांतही विरळाच होते.

मोजणीही तेव्हापासूनची. हवा, पाऊस, दूध यांचे नमुने ट्रॉम्बेच्या प्रयोगशाळेत तपासले जात. चीनने स्फोट केला की पुढच्या काही दिवसांत मुंबईत कापलेल्या बकऱ्यांच्या गळ्यातल्या थायरॉईड ग्रंथी तपासल्या जात. बकरी दिवसभर गवत-पाला ओरबाडते, पाल्यावर पडलेले किरणोत्सारी आयोडीन तिच्या पोटात जाते आणि गळ्यातल्या त्या लहानशा ग्रंथीत गोळा होते. हवेत जे यंत्राला जेमतेम सापडते ते बकरीच्या गळ्यात स्पष्ट दिसते.

आता शेताकडे वळू. मोठी अणुदुर्घटना झाली आणि धूळ भातशेतीवर पडली तर काय होईल, हे धुळीइतकेच जमिनीवर ठरते. रोपाची मुळे सीझियमला पालाश समजून आत घेतात, कारण दोन्ही रसायनशास्त्राच्या दृष्टीने एकाच घरची भावंडे आहेत. स्ट्रॉन्शियम-90 कॅल्शियमच्या वाटेने जाते: गवतातून दुधात, दुधातून मुलांच्या हाडांत. जमिनीत पालाश भरपूर असेल तर मुळांना सीझियमची गरज पडत नाही. पालाश कमी, जमीन आम्लधर्मी आणि चिकणमातीत अभ्रकासारखी खनिजे कमी असतील तर सीझियम मोकळे राहते आणि वर चढत जाते. वेल्सच्या डोंगराळ, आम्लधर्मी, कुजट मातीच्या कुरणांवर चेर्नोबिलची धूळ 1986 च्या मे महिन्यात पावसाबरोबर पडली. तिथल्या मेंढ्यांच्या विक्रीवर घातलेले निर्बंध पूर्णपणे उठायला 2012 उजाडले. स्फोट युक्रेनमध्ये झाला आणि दोन हजार किलोमीटरवरच्या मेंढपाळाने सव्वीस वर्षे भोगले.

भाताची गोष्ट आणखी निराळी. चिखलणी करून पाणी तुंबवलेल्या खाचरात हवा शिरत नाही, त्यामुळे युरियातले नत्र अमोनियमच्या रूपात टिकून राहते. हे अमोनियम मातीच्या कणांना धरून बसलेले सीझियम हुसकावून लावते आणि ते पाण्यात, तिथून मुळांत जाते. म्हणजे नुसता युरिया टाकायचा आणि पालाश विसरायचा, ही आपल्याकडची सवय अशा संकटात पिकाच्या मुळावर येईल. फुकुशिमात 2011 च्या दुर्घटनेनंतर जपानी कृषिशास्त्रज्ञांनी नेमके उलट केले. माती तपासून भाताला पालाशचा मोठा डोस दिला. 2012 च्या पिकापासून जिल्ह्यातले प्रत्येक पोते यंत्राखालून जाऊ लागले, वर्षाला सुमारे एक कोटी पोती. किलोमागे 100 बेक्वेरेल ही मर्यादा पहिल्या वर्षी 71 पोत्यांनी ओलांडली. 2015 च्या पिकापासून एकाही पोत्याने ओलांडली नाही. (बेक्वेरेल म्हणजे सेकंदाला एक अणू फुटणे. आपल्या प्रत्येकाच्या शरीरात नैसर्गिक पालाशचे असे सुमारे चार हजार अणू दर सेकंदाला फुटत असतात. आकडा वाचून धसका घेण्याआधी हे लक्षात असू द्यावे.)

उरण तालुक्यात दोन प्रकारची भातशेती आहे, आणि या बाबतीत त्यांचे नशीब एकसारखे नाही. खाडीलगतच्या खारजमिनीत उधाणाचे पाणी शतकानुशतके येत राहिले आहे. समुद्राच्या पाण्यात पालाश विपुल, म्हणून खारीतही तो भरपूर. मीठ ही तिथल्या शेतकऱ्याची रोजची डोकेदुखी. पनवेलच्या खार जमीन संशोधन केंद्राने खाऱ्या मातीत तग धरणारे भाताचे वाण त्यासाठीच काढले. पण सीझियमच्या बाबतीत त्याच खाऱ्या पाण्यातला पालाश संरक्षण देईल. चिरनेरच्या बाजूच्या डोंगरउताराच्या तांबूस, पावसाने धुपलेल्या जमिनीला ते संरक्षण नाही. मासळीलाही हाच नियम लागू आहे: पालाशने भरलेल्या समुद्रात वाढलेल्या बोंबलाच्या मांसात सीझियम तुलनेने कमी शिरते, गावतळ्यातल्या माशात कितीतरी पट अधिक.

यातून एक गोष्ट निघते, जिच्याकडे आपल्या आपत्ती आराखड्यांचे लक्ष नसते. धूळ पडल्यावर सर्वांत दीर्घकाळ दूषित राहतात ती रानातली अन्ने. अळंबी सीझियम ओढून घेते. बव्हेरियातल्या रानडुकरांच्या मांसात ते आजही आढळते. चेर्नोबिलनंतर बेलारूस आणि युक्रेनमध्ये सर्वाधिक मात्रा गेली ती घरची गाय पाळणाऱ्या, जंगलातली अळंबी आणि फळे खाणाऱ्या खेडूतांच्या शरीरात. दुकानातून पाकीटबंद अन्न घेणारा शहरी माणूस त्या मानाने वाचला. रायगडात पावसाळ्यात कुड्याच्या शेंगा, टाकळा, अळंबी, ओहोळातली मासळी यांवर कोणाच्या चुली पेटतात? कातकरी वाड्यांच्या. संकट आलेच तर धोक्याचा मोठा वाटा त्यांच्या ताटात जाईल, आणि तपासणीचे यंत्र तिथे सगळ्यांत शेवटी पोचेल.

आरोग्याच्या बाबतीत चेर्नोबिलचा धडा एका वाक्यात सांगता येतो: दूध वेळेवर थांबवले नाही. किरणोत्सारी आयोडीनचे अर्धायुष्य जेमतेम आठ दिवसांचे. पहिले काही आठवडे मुलांना ताजे दूध दिले नसते तर पुढची बरीच हानी टळली असती. ते झाले नाही, आणि नंतरच्या वर्षांत त्या भागात लहानपणी दूध प्यायलेल्या हजारो जणांना थायरॉईडचा कर्करोग झाला. तिथल्या आहारात साध्या आयोडीनची आधीच कमतरता होती, म्हणून भुकेल्या ग्रंथींनी मिळेल ते ओढून घेतले. किनाऱ्यावर मासळी खाणाऱ्यांची स्थिती या बाबतीत बरी. मात्र उरणच्या मिठागरातले खडे मीठ समुद्राचे म्हणून त्यात आयोडीन पुरेसे असते, हा समज खरा नाही. पाणी आटताना आयोडीन फारसे मागे राहत नाही. ते मिठात वेगळे घालावेच लागते.

फुकुशिमात किरणोत्सर्गापेक्षा जास्त बळी घेतले ते घाईगर्दीच्या स्थलांतराने. रुग्णालयांतून, वृद्धाश्रमांतून हलवलेले म्हातारे, उपचार तुटलेले रुग्ण, घर आणि शेत सुटल्याने खचलेली माणसे: त्या जिल्ह्यात अशा मृत्यूंची अधिकृत नोंद दोन हजारांच्या वर आहे. भीतीही माणसे मारते. भीती वाढते ती विश्वासाचा आकडा हाताशी नसला की.

मुंबईने हे एकदा अनुभवले आहे. युरोपीय समुदायाने दूध महापूर योजनेसाठी पाठवलेले 200 टन आयरिश लोणी 1987 मध्ये मुंबईत आले. चेर्नोबिलची धूळ आयर्लंडच्या कुरणांवर पडली होती, तेव्हा हे लोणी वाटू नका म्हणून डॉ. शिवराव शांताराम वागळे आणि इतर नागरिक उच्च न्यायालयात गेले, तिथे दाद न मिळाल्यावर सर्वोच्च न्यायालयात. अणुऊर्जा नियामक मंडळाने 27 ऑगस्ट 1987 रोजी ठरवलेल्या मर्यादेतले अन्न खाण्यास सुरक्षित आहे का, एवढा प्रश्न न्यायालयाने तज्ज्ञांपुढे ठेवला. एम. जी. के. मेनन, पी. के. अय्यंगार आणि जी. व्ही. के. राव यांच्या समितीने ते सुरक्षित असल्याचे सांगितले आणि 1988 मध्ये याचिका निकाली निघाली. शास्त्रीय अंगाने निष्कर्ष पटण्यासारखा आहे. सीझियम पाण्यात विरघळते, तुपात-लोण्यात नाही. दही घुसळले की ते ताकात राहते, लोण्याबरोबर फार थोडे वर येते. त्याच सुमारास जर्मनीत पनीरच्या पाण्याची हजारो टन दूषित भुकटी रेल्वेच्या वाघिणींत पडून होती. तिचे काय करावे हे सरकारला सुचत नव्हते. पण ताक आणि लोण्याचा हा फरक कोर्टाची पायरी चढण्याआधी मुंबईच्या गिऱ्हाइकाला कुणी समजावून सांगितला असता, तर? अय्यंगार तेव्हा भाभा अणुसंशोधन केंद्राचे संचालक होते. त्यांच्या विद्वत्तेबद्दल शंका नाही. तरीही अणुखात्याच्या बाहेरचा एखादा कर्करोगतज्ज्ञ किंवा आहारतज्ज्ञ त्या समितीत हवा होता, असे मला वाटते.

ते लोणी आले तेव्हा न्हावा-शेवा बंदर बांधले जात होते. 26 मे 1989 रोजी ते सुरू झाले. आज परदेशी अन्नाचे कितीतरी कंटेनर उरण तालुक्यातून देशात शिरतात. हे बंदर ज्या जमिनींवर आणि खाडीवर उभे आहे त्या गावांना सरकारी शब्दावर पटकन विश्वास ठेवता येत नाही, आणि त्याला कारण आहे. जमिनीच्या मोबदल्यासाठी दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली झालेल्या लढ्यात 16 आणि 17 जानेवारी 1984 रोजी जासई-नवघर परिसरात गोळीबार होऊन पाच जण हुतात्मा झाले. अशा लोकांना ‘सर्व काही मर्यादेत आहे’ एवढे सांगून भागत नाही. मर्यादा किती आणि मोजले किती, दोन्ही दाखवावे लागतात.

देशभर हवेतला गॅमा किरणोत्सर्ग मोजणारे भाभा केंद्राचे जाळे आहे. ते आवश्यकच, पण हवेच्या आकड्यावरून तांदळात, निवट्यात किंवा दुधात काय आहे ते कळत नाही. शांततेच्या काळात घेतलेली पायाभूत मोजणी नसेल तर उद्या काही घडल्यावर किती वाढले हे सांगायला आधारच उरणार नाही. म्हणून काम आत्ताच हाती घ्यायला हवे, आणि ते फार मोठे नाही. भात झोडून झाले की करंजा, घारापुरी, जासई आणि चिरनेर इथल्या तांदळाचे आणि मातीचे नमुने घ्यावेत. सोबत घरच्या गाईचे दूध, खाडीतल्या शिंपल्या, कोळंबी, गावतळ्यातली मासळी आणि पावसाळ्यात कातकऱ्यांनी वेचलेली अळंबी. सीझियम, स्ट्रॉन्शियम आणि मातीतला पालाश तिन्ही मोजावेत. नमुना घेताना शेतकरी किंवा कोळीण तिथे हजर असावी, अर्धा नमुना विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत जावा, अर्धा ट्रॉम्बेला. दोन्हीकडचे आकडे मराठीत, शेजारी शेजारी, ग्रामपंचायतीच्या फलकावर दरवर्षी लागावेत.