अशोककुमार : बोलपटातील नायकत्वाचे एक स्थित्यंतर

हिंदी चित्रपटातील नायकपद बहुधा तारुण्याशी निगडित असते. तारुण्य ओसरले की नट चरित्रभूमिकांकडे वळतो किंवा विस्मृतीत जातो. अशोककुमार (१९११–२००१) यांची कारकीर्द या नियमात बसत नाही. १९३६ साली नायक म्हणून पडद्यावर आलेला हा नट १९६३ सालीही कथेच्या केंद्रस्थानी उभा असलेला दिसतो. या दीर्घ स्थैर्याचे कारण म्हणून दैवयोगाकडे बोट दाखविण्याची प्रथा आहे. ती कितपत ग्राह्य आहे, याचा विचार येथे करावयाचा आहे.

दैवयोगाचा भाग नाकारता येत नाही. हिमांशु राय यांनी १९३४ साली मालाड येथे स्थापन केलेल्या बॉम्बे टॉकीजमध्ये अशोककुमार हे प्रयोगशाळेत काम करीत. ‘जीवन नैया’ (१९३६) या चित्रपटासाठी ठरलेला नट दूर झाल्यामुळे नायकाची भूमिका त्यांच्याकडे आली. त्याच वर्षीच्या ‘अछूत कन्या’मध्ये देविकाराणी यांच्यासमोर ते ब्राह्मण तरुणाच्या भूमिकेत आले. त्या चित्रपटातील त्यांचा वावर आज पाहिला असता अवघडलेला वाटतो. आवाज कोवळा आहे आणि हातांचे काय करावे, हे नटाला उमगलेले नाही. अपघाताने प्रवेश मिळतो. पण प्रावीण्य मिळत नाही, हेच यावरून दिसते. ते मिळण्यास मासिक वेतनावर चालणारी चित्रसंस्था कारणीभूत झाली. फ्रांझ ऑस्टेन यांचे दिग्दर्शन, योसेफ विर्शिंग यांचे छायालेखन आणि वर्षानुवर्षे एकत्र काम करणारा तंत्रज्ञवर्ग यांमुळे नवख्या नटाला चुकण्यास आणि सुधारण्यास अवधी मिळाला.

दुसरे कारण अधिक मूलगामी आहे. संगीत नाटक किंवा पारशी रंगभूमी यांवर घडलेल्या नटाला शेवटच्या रांगेपर्यंत शब्द पोहोचवावा लागे. ध्वनिग्राहकाने ही गरज संपविली. परंतु सवय मात्र पुष्कळ काळ टिकून राहिली. अशोककुमारांना मोडण्यासारखी अशी सवय नव्हती. रंगभूमीचा संस्कार नसणे, ही जी उणीव मानली जाई, तीच बोलपटात त्यांची पात्रता ठरली. संभाषणाच्या पातळीवर बोलणे, वाक्याच्या मध्येच थांबणे, समोरच्याचे बोलणे लक्ष देऊन ऐकणे हे त्यांच्या अभिनयाचे विशेष होत. या सहजतेचे श्रेय एकट्या अशोककुमारांना देणे योग्य होणार नाही. त्यांचे समकालीन मोतीलाल हेही याच वाटेने चालले होते. मराठी रंगभूमीवरून आलेल्या लीला चिटणीस यांच्यासह केलेल्या ‘कंगन’ (१९३९), ‘बंधन’ (१९४०) आणि ‘झूला’ (१९४१) या चित्रपटांत या पद्धतीला आत्मविश्वासाची जोड मिळालेली दिसते.

पार्श्वगायनाचा प्रसार हाही येथे विचारात घेण्याजोगा घटक आहे. आरंभीच्या चित्रपटांत अशोककुमार स्वतः गात. सैगल यांच्यासारख्या असामान्य गायकाच्या काळात ही स्पर्धा विषम होती. ‘किस्मत’मध्ये (१९४३) त्यांच्यासाठी अरुणकुमार यांचा आवाज वापरण्यात आला. नायकाने गायक असलेच पाहिजे, ही अट सुटल्यामुळे अभिनयाचे मोल स्वतंत्रपणे जोखले जाऊ लागले.

ग्यान मुखर्जी दिग्दर्शित ‘किस्मत’चे महत्त्व केवळ त्याच्या लोकप्रियतेत नाही. कलकत्त्याच्या रॉक्सी चित्रपटगृहात तो तीन वर्षांहून अधिक काळ चालला, हे खरेच. परंतु त्याचा नायक खिसेकापू आहे, ही गोष्ट अधिक अर्थपूर्ण आहे. नायक सद्गुणी असलाच पाहिजे, या संकेताला येथे धक्का बसला. तो प्रेक्षकांनी मान्य केला, याचे कारण नटाचा शांत, विश्वासार्ह स्वर होय. उच्च स्वरातील अभिनयाने हाच गुन्हेगार एकतर खलपुरुष झाला असता किंवा पश्चात्तापाचे प्रवचन करणारा पापी.

यानंतरच्या घटनाक्रमात एक विरोधाभास आहे. हिमांशु राय १९४० साली निवर्तल्यावर संस्थेत फूट पडली आणि अशोककुमार शशधर मुखर्जी प्रभृतींसह फिल्मिस्तानच्या स्थापनेत सहभागी झाले. पुढे ते बॉम्बे टॉकीजमध्ये परतले. ‘महल’ (१९४९) हे त्या काळाचे फलित. तथापि वेतनदार नटाची जागा आता मुक्त तारकांनी घेतली होती आणि १९५०नंतर काही वर्षांतच बॉम्बे टॉकीज बंद पडली. ज्या व्यवस्थेने हा नट घडविला, ती मोडणाऱ्या प्रक्रियेत त्याचाही वाटा होता. ‘परिणीता’ (१९५३) त्यांनी स्वतःच्या संस्थेतर्फे, बिमल रॉय यांच्या दिग्दर्शनाखाली निर्माण केला.

उत्तरकाळातील भूमिकांत आधी मिळविलेल्या विश्वासाचाच विविध प्रकारे उपयोग झाला आहे. बी. आर. चोप्रा यांच्या ‘कानून’मध्ये (१९६०) एकही गीत नाही, संशयाच्या छायेतील न्यायाधीशाची भूमिका केवळ संवाद आणि मौन यांवर उभी आहे. ‘बंदिनी’त (१९६३) नूतन यांची नायिका तरुण डॉक्टरऐवजी आजारी, थकलेल्या क्रांतिकारकाकडे परतते आणि पन्नाशी उलटलेल्या नटामुळे ती निवड पटते. ‘ज्वेल थीफ’मध्ये (१९६७) हीच विश्वसनीयता प्रेक्षकांना चकविण्यासाठी वापरलेली आहे. ‘आशीर्वाद’साठी (१९६८) त्यांना सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार लाभला.

या कारकीर्दीला मर्यादाही आहेत. भूमिकांची संख्या वाढली तसे थबकत बोलणे हा गुण न राहता लकब झाली आणि नकलाकारांना तो हुकमी विषय मिळाला. असे असले तरी १९८८ सालच्या दादासाहेब फाळके पुरस्काराने ज्या कार्याचा गौरव झाला, त्याचे स्वरूप स्पष्ट आहे. नायकत्व रूप, वय किंवा गळा यांवर अवलंबून नसून प्रेक्षकाशी जुळलेल्या विश्वासावर अवलंबून असू शकते, हे या नटाने सिद्ध केले. त्या विश्वासाची पायाभरणी दैवाने नव्हे, तर चित्रसंस्थेने दिलेल्या अवकाशाने आणि ध्वनिग्राहकाच्या अचूक जाणिवेने केली. म्हणूनच नटाच्या चरित्राचा अभ्यास हा त्याला घडविणाऱ्या संस्थेचा आणि तंत्राचाही अभ्यास ठरतो.