तुमसर : धानाचं आणि मँगनीजचं गाव

मुंबई-हावडा मार्गावर नागपूरहून पूर्वेला निघालं की भंडारा रोडनंतर तुमसर रोड जंक्शन लागतं. हे स्थानक देव्हाडीत आहे. खुद्द तुमसर उत्तरेला, तिरोडीकडे जाणाऱ्या फाट्यावर. भंडारा जिल्ह्याच्या या बाजारपेठेचं पोट दोन गोष्टींवर चालतं : शेतात पिकणारं धान आणि जमिनीखालचं मँगनीज.

दिवाळीच्या आगेमागे हलकं धान निघतं आणि बाजार समितीत ढिगांवर ढीग लागतात. व्यापारी ढिगात हात घालतो, मूठभर धान तळहातावर चोळून तूस फुंकतो आणि एखादा दाणा दाताखाली फोडतो. कट्‌कन तुटला तर माल वाळलेला, दबला तर ओला. सरकारी आधारभूत खरेदीत ओलाव्याची मर्यादा १७ टक्के. तिथं यंत्र लागतं, इथं दात पुरतो. पुढचं काम राईस मिलचं. सरकारी भरडाईच्या हिशेबात क्विंटलभर धानामागे ६७ किलो तांदूळ परत द्यावा लागतो. उरलेल्यातली कणी आणि कोंडाही विकला जातो, तूस भट्टीत जळण म्हणून कामी येतं. आडत्या, हमाल, मापारी, ट्रकवाला, बारदानावाला अशा कितीतरी घरांची चूल या एका पिकावर पेटते.

दुसरी कमाई तालुक्याच्या उत्तरेची. चिखल्याला भूमिगत खाण, डोंगरी बुजुर्गला उघडी. दोन्ही ‘मॉईल’ या सरकारी मँगनीज कंपनीच्या. १८९६ साली एका ब्रिटिश कंपनीनं मध्य प्रांतात सुरू केलेला हा उद्योग १९६२मध्ये सरकारी भागीदारीत आला आणि १९७७मध्ये पूर्णपणे सरकारचा झाला. पोलादातला ऑक्सिजन आणि गंधक काबूत ठेवायला मँगनीज लागतंच. डोंगरी बुजुर्गच्या डायऑक्साइड खनिजाला आणखी एक गिऱ्हाईक आहे : टॉर्चमधल्या सुक्या सेलचे कारखानदार. तिथंच ‘मॉईल’चा इलेक्ट्रोलिटिक मँगनीज डायऑक्साइडचा प्रकल्पही आहे.

हा प्रकल्प मला फार मोलाचा वाटतो, कारण तिथं खनिजावरचं पुढचं काम इथंच होतं. धान तुमसरलाच भरडलं जातं, म्हणून त्याच्या पैशातला बराच वाटा गावात फिरतो. खनिज मात्र बहुतांशी दगडाच्याच रूपात वॅगनमधून बाहेर जातं आणि त्याची खरी किंमत दूरच्या भट्ट्यांत वाढते. खनिजापासून फेरोमँगनीज हा मिश्रधातू बनवणारा तालुक्यातला कारखाना बंद पडला, तेव्हा इथल्या कामगारांनी ही गोष्ट सोसून ओळखली. अशा भट्टीला वीज प्रचंड लागते; ती परवडली नाही तर बाजूची खाणही कारखान्याला वाचवू शकत नाही.

म्हणून तुमसरच्या भवितव्याचा प्रश्न निव्वळ जास्त खणण्याचा नाही. जे इथं पिकतं आणि निघतं, त्यावरचं शेवटचं काम किती प्रमाणात इथंच होतं, यावर इथल्या पोरांना नागपूरची गाडी धरावी लागते की नाही, हे ठरणार आहे. राईस मिलनं ते धानापुरतं सिद्ध करून दाखवलंय. खनिजाच्या बाबतीत तेवढीच जिद्द सरकारनं आणि उद्योगानं दाखवायला हवी.