सकाळचं विमान, दुपारची घार

भर दुपारी निंदण करताना आपण वर पाहतो, तर घार पंख न हलवता गोल गोल वर चढत असते. तापलेल्या जमिनीवरची हवा हलकी होऊन वर जाते, तीच घारीला उचलते. लहान विमानाला मात्र ती हवा हिंदकळवते, जशी खाचखळग्यातून चाललेली बंडी. सकाळी हवा शांत असते. शिवाय गार हवा दाट, म्हणून पंखांना आधारही जास्त देते.

१५ ऑक्टोबर १९३२ ला जे. आर. डी. टाटा असेच सकाळी कराचीहून टपाल घेऊन निघाले. विमान पस मॉथ, एकाच इंजिनाचं. पंख लाकडी, वरून ताणलेलं कापड. अहमदाबादला त्याचं इंधन बैलगाडीतून आलं होतं! दुपारी ते मुंबईत जुहूला उतरलं. १९८२ मध्ये, वयाच्या ७८ व्या वर्षी, टाटांनी तीच वाट जुन्या लेपर्ड मॉथमधून पुन्हा पार केली.

आणि बाई? १९३६ मध्ये लाहोरला सरला ठकराल यांनी जिप्सी मॉथ एकटीनं उडवलं. वय २१, अंगावर साडी, घरी चार वर्षांची लेक.

वडनेरची एखादी पोरगी विज्ञान शिकायचं म्हणते, तेव्हा ‘आपल्याला काय करायचं’ असं आधी आपणच म्हणतो. वारा कसा वाहतो हे तर आपल्याला उफणणी करतानाच कळलेलं असतं. पुढचं तिला शिकू देऊ.