कारखाना कुठे घालायचा? विचारा गाठीला!

वालचंद हिराचंदांनी 1930च्या दशकात साखर कारखाना काढला तो मुंबईजवळ नव्हे, थेट इंदापूर तालुक्यातल्या कळंबला. (तेच आजचं वालचंदनगर.) का? 100 किलो उसातून साखर निघते जेमतेम 10-11 किलो. बाकी बरंचसं पाणी आणि बगॅस (उसाचा चोथा). तो बगॅस कारखान्याच्याच बॉयलरला जाळायला लागतो. शिवाय तोडलेला ऊस वाळला की साखरेचा उतारा घटतो. मग ऊस लांब न्यायचा कशाला? वजन घटणारा कच्चा माल कारखान्याला स्वतःकडे ओढतो, हे जर्मनीच्या आल्फ्रेड वेबरने 1909 मध्येच मांडलं होतं. नीरा डाव्या कालव्याच्या पट्ट्यात माळेगाव, भवानीनगरचे कारखानेही उसातच उभे आहेत.

पण नेमकी जागा? यासाठी एक झकास जुनं यंत्र आहे. पाटावर नकाशा चिकटवा, प्रत्येक गावाला भोक पाडा, भोकांतून दोऱ्या सोडा, वरची टोकं एका गाठीत बांधा. खाली ज्या गावाचा जितका ऊस, तितकं वजन टांगा. सोडलं की गाठ सरकत सरकत थांबते, तीच कमीत कमी वाहतुकीची जागा! एकाच गावाचं वजन बाकी सगळ्यांच्या बेरजेपेक्षा जास्त असेल, तर गाठ त्याच भोकात जाऊन बसते. 1937 मध्ये गणितज्ञ वाइसफेल्डने हेच पायरीपायरीने आकडेमोडीत करून दाखवलं.

अर्थात दोरी सरळ जाते, ट्रॅक्टर-ट्रॉली रस्त्याने. त्यावर 1964 मध्ये संशोधक हकिमीने सिद्ध केलं, की रस्त्यांच्या जाळ्यात सगळ्या जागा तपासायची गरजच नाही. गावं आणि चौक तेवढे तपासा, उत्तम जागा त्यांतच सापडते.

आणि इस्रोच्या रॉकेटचे भाग वालचंदनगरला का बनतात? तिथे वजन घटण्याचा नियम चालत नाही. वर्कशॉप आणि कसबी कामगार आधीपासूनच होते, एवढंच.